संघ लिलावात बनत नाही!

आपल्या होस्टेलवर वर्षातून दोन दिवस सगळेच तज्ज्ञ होतात. एक म्हणजे बजेटचा दिवस आणि दुसरा खेळाडूंच्या लिलावाचा. एरवी मेसचं बिल भरताना ज्यांचा हिशोब चुकतो, ती मंडळी त्या दिवशी कोटींच्या खाली बोलायला तयार नसतात. 'याला एवढे?', 'त्याला का सोडला?', 'मी असतो ना, तर डोळे झाकून घेतला असता!' वगैरे वगैरे. लिलाव आयपीएलचा असो की प्रो कबड्डीचा, मजा सारखीच. आणि खरं सांगायचं तर मलाही त्यात मजा येते.

पण मित्रांनो, या मजेत एक गैरसमज आपल्या डोक्यात पक्का बसत चाललाय. तो असा, की संघ लिलावात बनतो. ज्याच्याकडे सगळ्यांत महागडं नाव, तो संघ भारी. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. संघ बनतो तो सीझन संपल्यावर आणि लिलाव सुरू होण्याआधी, म्हणजे टीव्हीवर काहीच चालू नसतं तेव्हा. कोणाला ठेवायचं, कोणाला जाऊ द्यायचं आणि कोणत्या पोराला अजून दोन वर्षं सांभाळायचं, हे त्या शांत महिन्यांत ठरतं. लिलाव म्हणजे नुसती शेवटची खरेदी. आणि हा गैरसमज नुसता टीव्हीपुरता असता तर मी हा लेख लिहिला नसता. तो आपल्या जिमखान्यात शिरलाय, म्हणून लिहितोय.

उदाहरण लांबचं नको, घरचंच घेऊ. पुणेरी पलटण. आपल्या मुळशी तालुक्याच्या वेशीवर, म्हाळुंगे-बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी जे क्रीडासंकुल उभं राहिलं, ते यांचं घरचं मैदान. हिंजवडीच्या ट्रॅफिकने परवानगी दिली, तर आपल्यापासून अगदी जवळ!

आधी नियम थोडक्यात, कारण त्यातच सगळी गंमत आहे. प्रो कबड्डीत प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायला ठरावीक रक्कम मिळते. २०२३ च्या दहाव्या सीझनपासून ती ५ कोटी झाली. मालक कितीही श्रीमंत असो, त्याला ५ कोटींच्या वर जाता येत नाही. लिलावाआधी प्रत्येक संघ कायम ठेवलेल्या खेळाडूंची यादी देतो. बाकीचे सगळे लिलावात. शिवाय लीगमध्ये अजून न खेळलेल्या नव्या, तरुण मुलांना लिलावाबाहेरून थोड्या पैशांत घेता येतं. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर हा सरळसरळ ऑप्टिमायझेशनचा प्रॉब्लेम आहे. कन्स्ट्रेंट सगळ्यांना सारखाच, उत्तरं मात्र बारा संघांची बारा.

आता एक प्रयोग बघा. प्रयोग म्हणतो, कारण इतका स्वच्छ प्रयोग आपल्या लॅबमध्येसुद्धा क्वचित जमतो. रीडिंग आधी लिहून मग ग्राफ काढणाऱ्यांनी तर हा नीट वाचावा!

इराणचा मोहम्मदरेझा शाडलुई. डावा कोपरारक्षक, ताकद अफाट, पकड अशी की चढाई करणारा परत जायचा विचारच सोडून देतो. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेच्या फायनलला भारत आणि इराण समोरासमोर आले. वाद झाला, सामना थांबला, शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला. भारताच्या त्या संघात पुणेरी पलटणचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते, तर इराणकडून शाडलुई. दोनच दिवसांनी, ९ ऑक्टोबरला मुंबईत लिलाव झाला आणि पलटणने त्याच शाडलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. ५ कोटींतले २ कोटी ३५ लाख! म्हणजे ४७ टक्के एकाच माणसावर. १ मार्च २०२४ ला हैदराबादला पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवलं आणि पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. शाडलुई त्या सीझनचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

पुढच्या सीझनला तो पुण्याकडे राहिला नाही. हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं. २९ डिसेंबर २०२४ ची फायनल कुठे होती? आपल्या बालेवाडीत! तिथे हरियाणाने पाटणा पायरेट्सला ३२-२३ ने हरवून पहिलं विजेतेपद पटकावलं. आणि पलटण? स्वतःच्या घरच्या मैदानावर फायनल, पण प्लेऑफमध्येसुद्धा नाही. मग २०२५ मध्ये गुजरात जायंट्सने शाडलुईला २ कोटी २३ लाखांना घेतलं. गुजरात पहिल्या आठ संघांतसुद्धा आलं नाही.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, 'अरे, मग शाडलुई ज्याच्याकडे तो जिंकतो, एवढंच की! गुजरातचं नशीब खराब.' थांबा. खेळाडू तोच, भाव जवळजवळ तोच. बदललं काय? तर त्याच्या बाजूला उभे असलेले सहा जण.

पुण्याकडे तो आला तेव्हा अस्लम, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, अबिनेश नादराजन, संकेत सावंत, गौरव खत्री ही मंडळी आधीपासून एकत्र होती. त्यांतली बरीचशी पोरं स्वस्तात आलेली आणि याच संघात तयार झालेली. ती स्वस्तात होती म्हणूनच तर एका माणसावर ४७ टक्के टाकायची चैन परवडली. हरियाणाचंही तसंच. हरियाणा आदल्या वर्षी फायनल हरला होता. एखादा चिडका मालक असता तर त्याने अख्खा संघ मोडला असता. प्रशिक्षक मनप्रीत सिंग आणि हरियाणाच्या व्यवस्थापनाने कर्णधार जयदीप दहियासकट बचावाचा गाभा तसाच ठेवला, आपल्या महाराष्ट्राच्या शिवम पटारेसारख्या तरुण चढाईपटूला धरून ठेवलं आणि जी एकच वीट कमी होती ती आणली. दोन्ही ठिकाणी भिंत आधी तयार होती. नुसती महागडी वीट आणून माळरानावर ठेवली तर तिच्यावर फार तर बसता येतं!

असं का होतं? कारण कबड्डी हा सात जणांचा खेळ आहे, सात बायोडेटांचा नाही. कोपऱ्यातल्या खेळाडूने घोटा धरला की शेजारच्या कव्हरने त्याच क्षणी आत यायला पाहिजे. अर्धा सेकंद उशीर झाला तर चढाईपटू ओढून रेषा गाठतो, आणि हात लावलेले दोघंही बाहेर. अर्धा सेकंद लवकर गेलं तर पकड फसते. हा 'अर्धा सेकंद' लिलावात विकत मिळत नाही. तो रोजच्या सरावात, एकमेकांचे गुडघे-कोपर खाऊन, दोन-तीन सीझन शेजारी उभं राहून येतो. शाडलुई धावून जाणारा, धोका पत्करणारा खेळाडू आहे. तो पुढे झेपावल्यावर मागची जागा कोण भरणार, हे बाकीच्या सहांना न सांगता कळायला हवं. पुण्यात ते कळत होतं.

आता त्याही मागे जाऊ. ही भिंत बांधली कधी? २०२१-२२ च्या आठव्या सीझनला पलटणने नितीन तोमर आणि राहुल चौधरी ही दोन मोठी नावं आणली होती. पोस्टरवर तेच. पण सीझन संपताना लोकांच्या तोंडी नावं होती अस्लम इनामदार आणि मोहित गोयत यांची. दोघंही नव्या तरुण खेळाडूंच्या यादीतले, दोघांचंही पदार्पणाचं वर्ष. अस्लम तर आपल्या नगर जिल्ह्यातला. त्या वर्षी ट्रॉफी आली नाही, पण संघाचं काम बघणाऱ्यांनी एक गोष्ट ओळखली : पोस्टर बदला, ही दोन पोरं बदलू नका. २०२२ च्या डिसेंबरमध्ये पलटण फायनलला पोचली. दुखापतींमुळे त्या फायनलला ना अस्लम खेळू शकला ना मोहित, आणि जयपूरकडून ३३-२९ ने हार झाली. त्यानंतरच्या सुट्टीत पलटणने काय केलं? दोघांना ठेवलं. १ कोटी ३८ लाखांना आणलेल्या फझल अत्राचलीला, एवढ्या दिग्गजाला, सोडलं. तिथे शाडलुई आणला. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या हाताखाली पुढच्याच सीझनला ट्रॉफी.

आणि शाडलुई गेल्यानंतर? एक वर्ष पडझड झाली, अस्लम जायबंदी झाला, हे खरंच. पण २०२५ मध्ये प्रशिक्षक बदलला, अजय ठाकूर आले, आणि तोच गाभा घेऊन पलटण पुन्हा फायनलला गेली. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत दबंग दिल्लीकडून ३१-२८ ने हरली. तीन गुणांनी! म्हणजे चार सीझनमध्ये तीन फायनल. मधल्या काळात प्रशिक्षक बदलला, कोटींचे खेळाडू आले-गेले. टिकली ती घरची पोरं.

उलटी उदाहरणं शोधायला लांब जायला नको. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने पवन सेहरावतसाठी तब्बल २ कोटी २६ लाख मोजले. पहिल्याच सामन्यात त्याला दुखापत झाली, सीझन संपला. सगळे म्हणाले, थलैवाज गेले कामातून. पण नरेंदरसारख्या नवख्या पोरांच्या जोरावर तोच संघ सेमीफायनलला पोचला! पुढच्या वर्षी पवनला तेलुगु टायटन्सने २ कोटी ६० लाखांना घेतलं. पवन चांगला खेळला, पण टायटन्स २२ पैकी २ सामने जिंकून तळाला गेले. यात पवनचा काही दोष नाही. छप्पर उत्तम होतं, खाली खांबच नव्हते.

हे फक्त कबड्डीत होतं असंही नाही. खेळाडूंवरच्या खर्चाला वरून झाकण लावायची ही पद्धत अमेरिका-कॅनडात फार मुरलेली आहे. तिथे बर्फावरची आइस हॉकी हा मोठा धंदा. त्यांच्या एनएचएल या लीगमध्ये मालक-खेळाडू भांडणात २००४-०५ चा अख्खा सीझन रद्द झाला आणि त्यानंतर पगारमर्यादा आली. तिथे प्रशिक्षक वेगळा आणि जनरल मॅनेजर वेगळा. प्रशिक्षक सामना जिंकतो, जनरल मॅनेजर संघ बांधतो. त्याची खरी परीक्षा उन्हाळ्यात, बर्फ वितळल्यावर!

टोरोंटोच्या संघाची गोष्ट ऐका. कॅनडातला गडगंज संघ, पण १९६७ नंतर कप नाही. त्यांनी २०१८-१९ नंतर चार आक्रमक खेळाडूंना मर्यादेतले साधारण निम्मे पैसे दिले. मॅथ्यूज, मार्नर, टव्हारेस, नायलँडर. चौघंही खरोखर भारी. पण दरवर्षी नॉकआउटला जायचं आणि बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत गारद. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत फक्त दोनदा पहिली फेरी ओलांडली, दुसरी एकदाही नाही. शेवटी २०२५ मध्ये मार्नरच निघून गेला. चार जणांवर निम्मे पैसे, मग उरलेल्यांत बचाव आणि बाकीची फळी भागवायची. आपल्या मेसमध्ये एका फीस्टवर निम्मं बिल उडवलं की उरलेला महिना काय ताटात येतं, ते आपल्याला माहीत आहेच!

पण इथे माझ्याच म्हणण्याला एक खिळा बसतो, तो लपवत नाही. फ्लोरिडाचा संघ २०२१-२२ मध्ये साखळीत अव्वल आला होता. त्यांचे जनरल मॅनेजर बिल झिटो यांनी त्याच उन्हाळ्यात काय केलं? ११५ गुण मिळवणारा आपला सगळ्यांत लाडका खेळाडू ह्युबर्डो आणि सोबत एक मुख्य बचावपटू देऊन टाकला आणि मॅथ्यू कचक नावाचा अंगावर जाणारा खेळाडू आणला. लोकांनी डोक्याला हात लावला. पण फ्लोरिडाने २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी कप जिंकला. म्हणजे 'जुनं ते सगळं ठेवा' हा काही मंत्र नाही. पुण्यानेही फझलला सोडलंच की. मुद्दा असा, की काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे संघाला काय कमी आहे ते बघून ठरवायचं. टाळ्या कोणाला पडतात ते बघून नाही. फ्लोरिडाने कर्णधार ठेवला, गाभा ठेवला. बदलली ती एक मोठी जागा, आणि तीही विचार करून.

आता येतो आपल्या घरात. मी आपल्या कबड्डी संघाचा राखीव खेळाडू. म्हणजे सामना सगळ्यांत नीट कोण बघतो, तर मी! त्यामुळे बोलायचा अधिकार आहे असं समजतो.

आपला संघ कसा निवडला जातो? जानेवारीत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं पत्र येतं. मग नोटीस बोर्डवर कागद लागतो. चार दिवसांत सिलेक्शन. फायनल इयरचे पाच-सहा ताकदवान गडी, ज्यांचं नाव आहे ते, आणि जागा उरली तर एखादा थर्ड इयरचा. आठ दिवस सराव, दोन सामने, हार, ग्रुप फोटो. जूनमध्ये ते पाच-सहा जण पास होऊन निघून जातात, आणि पुढच्या जानेवारीत आपण पुन्हा शून्यावर. म्हणजे आपण दरवर्षी अख्खा संघ लिलावात काढतो, फक्त पैसे नसतात एवढंच!

आणि हे एकट्या कबड्डीचं नाही. गाडी बनवणाऱ्या टीमकडे बघा, रोबोट बनवणाऱ्यांकडे बघा, गॅदरिंगच्या एकांकिकेकडे बघा. दरवर्षी एखादा 'स्टार' वेल्डिंग करणार, तोच सर्किट लावणार, तोच रिपोर्ट लिहिणार. तो गेला की त्याच्याबरोबर सगळी विद्या जाते. पुढची टीम तोच ब्रॅकेट, त्याच जागी, पुन्हा तोडते.

यात नुकसान कोणाचं होतं? ट्रॉफीचं तर होतंच. पण खरं नुकसान आहे ते फर्स्ट इयरच्या त्या पोराचं, जो पौड-पिरंगुटच्या, मावळातल्या किंवा थेट नगर-सोलापूरच्या एखाद्या गावातून येतो. गावच्या जत्रेत, मातीवर, ट्यूबलाइटच्या उजेडात तो कबड्डी खेळलेला असतो. इथे आल्यावर त्याला कळतं की संघ 'सिनियर लोकांचा' आहे. तो गप्प बसतो. एम-थ्री आणि सबमिशनमध्ये बुडून जातो. दोन वर्षांनी त्याला विचारावं, तर म्हणतो, 'खेळायचो पूर्वी.' विशीतला पोरगा 'पूर्वी' म्हणतो, याचं मला फार वाईट वाटतं. उद्या त्यांच्यातला एखादा अस्लम निघेलच असं मी म्हणत नाही. पण निघणार असेल तर आपल्याला तो दिसणारच नाही, अशी आपली पद्धत आहे.

म्हणून तीन सूचना. जिमखान्याच्या सरांनी आणि येत्या जी.एस.ने विचार करावा.

पहिली, संघाची यादी मे महिन्यात, सम सेमिस्टर संपताना करावी. पुढच्या वर्षी कोण राहणार, कोण जाणार आणि कोणती जागा रिकामी होणार, हे कागदावर लिहून लावावं. डावा कोपरा जातोय ना? मग जूनपासून डावा कोपरा शोधायला लागू. जानेवारीत नाही.

दुसरी, बाराच्या संघात किमान चार जण पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे असावेत, आणि त्यांना सराव सामन्यांत पूर्ण वेळ मॅटवर उतरवावं. पाण्याच्या बाटल्या भरायला चार पोरं घेणं म्हणजे नवोदितांना संधी देणं नव्हे!

तिसरी, पावसाळ्याचा वापर. ताम्हिणीकडून पाऊस आत शिरला की आपलं ग्राउंड सप्टेंबरपर्यंत भाताचं खाचर असतं. पण आपल्याकडे हॉल आहे. संध्याकाळी एक तास तो मिळाला तर रेक्टर सरांचे आभार मानू. आणि फायनल इयरच्या प्रत्येक खेळाडूने जायच्या आधी एका ज्युनियरला आपली जागा शिकवून जावं. तुमची ती घोट्याची पकड तुमच्याबरोबर कंपनीत नेऊन उपयोग काय? तिथे मॅनेजरचा घोटा थोडाच धरायचाय!

याला उत्तर काय येणार, ते मला ठाऊक आहे. 'यावर्षी जिंकायचंय. ज्युनियर्सना खेळवून हरलो तर?' प्रश्न रास्त आहे. फायनल इयरच्या गड्याची ही शेवटचीच संधी असते आणि त्याला बाहेर बसवणं सोपं नाही. मी त्याला बाहेर बसवा म्हणतच नाही. शाडलुईला पुण्याने बाहेर बसवलं होतं का? सिनियर खेळू दे, कर्णधार होऊ दे, टाळ्या घेऊ दे. फक्त त्याच्या शेजारी, कव्हरला, एक सेकंड इयरचा पोरगा उभा राहू दे. सिनियर झेपावला की मागची जागा भरायची सवय त्याला लागू दे. एवढंच.

आणि यावर्षी हरलो तर? दरवर्षी दुसऱ्या फेरीत हरतोच आहोत. निदान यावेळी हरताना चार जण शिकलेले तरी असतील.

मेमध्ये पेपर संपतील, बॅगा भरल्या जातील, होस्टेल रिकामं होईल. नोटीस बोर्डही रिकामा असेल. त्यावर यावर्षी बारा नावांचा एक कागद लावा. कोटीचा आकडा नसला तरी चालेल, पण त्यात चार नावं अशी असू द्यात, की जी वाचून कोणीतरी विचारेल, 'हा कोण रे?'